'ट्रेस फॉसिल': लेश, माग की खूण?

प्रश्न: प्राचीन खाड्यांच्या गाळात टिकलेल्या बिळांवर लिहितोय. 'ट्रेस फॉसिल'ला, म्हणजे प्राण्याच्या वावराच्या अशा टिकून राहिलेल्या खुणांना, 'लेशजीवाश्म' चालेल? 'बरो' आणि 'बोअरिंग' दोन्हींना 'बीळ'च म्हणू? एका चित्राखाली 'कोळंबीचे बीळ (ऑफिओमॉर्फा)' असं लिहिलंय. आणि खाडीतल्या गोडं-खारं मिसळलेल्या पाण्याला 'निमखारं' म्हटलंय.

– 'लेश' नकोच. लेश म्हणजे अंशमात्र. तो 'ट्रेस एलिमेंट'ला ठीक. इथे चोराचा माग काढतात तो माग. अंग कुजून गेलं, वावर तेवढा उरला. पण 'मागाश्म' वाचून कुणाला हातमाग आठवायचा! 'खूणजीवाश्म' बरा.

– 'बरो' उकरलेलं, 'बोअरिंग' पोखरलेलं. मऊ गाळात प्राणी कण बाजूला सारतो. लाकडात किंवा खडकात ते कापले जातात. बिळाच्या कडेला शिंपल्याचा तुकडा आला असेल तर भिंगातून बघा. सरकलेला असेल तर गाळ मऊ होता, मधोमध कापलेला असेल तर कठीण. म्हणून पहिल्याला बीळ, दुसऱ्याला छिद्र. वाहून आलेल्या ओंडक्यांत शिंपलावर्गीय प्राण्यांनी पाडलेली 'टेरेडोलाइट्स' ही छिद्रंच.

– मधली अवस्थाही असते, घट्ट चिखलाची. त्यातल्या बिळाला अस्तर नसतं, कडा धारदार असतात, कधी भिंतीवर ओरखडे दिसतात आणि आत वरच्या थरातली वाळू भरलेली असते. वरचा गाळ धुपून खालचा घट्ट थर उघडा पडला होता, असा त्याचा अर्थ.

– चित्राखालची ओळ बदला. नाव आकाराला असतं, प्राण्याला नाही. ऑफिओमॉर्फा म्हणजे ग्रीकमध्ये 'सर्पाकार', आणि सापाचा इथे काही संबंध नाही! सैल वाळूतलं बीळ ढासळू नये म्हणून चिखलाच्या गोळ्या थापून केलेलं अस्तर ही त्याची ओळख: बाहेरून गाठाळ, आतून गुळगुळीत. आज असं बीळ कोळंबीसारखे कवचधारी करतात, पण जीवाश्मात करणारा क्वचितच सापडतो. मुळांशीही गल्लत होते. मूळ फाटे फुटत निमुळतं होतं. बिळाची जाडी साधारण तेवढीच राहते.

– 'निमखारं'ऐवजी 'मचूळ' लिहा, तोंडातला शब्द आहे. कॅनडात अल्बर्टातला मॅकमरे थर बघा, क्रेटेशस काळाच्या (डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या) पूर्वार्धातला. तिथल्या डांबरी वाळू-चिखलाच्या पट्ट्यांत 'सिलिंड्रिक्नस', 'प्लॅनोलाइट्स' अशी बारकी बिळं एकेका थरात खच्चून भरलेली, पण प्रकार मोजके. मचूळ पाण्यात क्षारता सतत बदलते. ती सोसणारे थोडेच, आणि त्यांची चणही लहान. नुसती दाटी बघून 'समृद्ध जीवसृष्टी' लिहू नका.

– प्रश्नकर्ता: मग 'ऑफिओमॉर्फा: वाळूतले, चिखलाच्या गोळ्यांचे अस्तर असलेले बीळ' करतो. कोळंबी काढली.