हेपा फिल्टरच्या खोलीत आरएसव्ही आला कसा?

मीठभाकर : आमच्या सहा वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा गंभीर आनुवंशिक आजार) असून थोरल्या भावाच्या मूलपेशी देऊन तिचे प्रत्यारोपण झाले आहे. दाखल केल्यापासून २३ व्या दिवशी, रक्तपेशींचे काउंट जेमतेम वर येऊ लागलेले असताना, तिला सर्दी झाली आणि नाकाच्या स्वॅबमध्ये आरएसव्ही (श्वसनमार्गाला संसर्ग करणारा विषाणू) निघाला. खोलीला हवा गाळणारा हेपा फिल्टर आहे, दोन दारे आहेत, पाणीसुद्धा आम्ही उकळून गार केलेलेच देतो. मग हा विषाणू आम्ही घरूनच आणला होता का?

बालवैद्य : घरून नव्हे. आरएसव्हीची लागण झाल्यावर बहुधा चार ते सहा, फार तर आठ दिवसांत लक्षणे दिसतात. त्यामुळे २३ व्या दिवशीची सर्दी रुग्णालयातलीच मानावी. (अडिनोव्हायरस किंवा सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) निघाला असता, तर असे ठामपणे म्हणता आले नसते, कारण ते शरीरात दडून राहतात आणि प्रतिकारशक्ती खालावली की डोके वर काढतात.) हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो खरा, परंतु तो मुख्यतः हवेतून येणाऱ्या बुरशीच्या बीजाणूंसाठी बसवलेला असतो. आरएसव्ही माणसांच्या नाकातून आणि हातांवरून, सरळ दारानेच आत येतो. शिवाय अशा खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडले की हवा बाहेर जाते. ती हवा विषाणू बाहेर नेऊ नये, म्हणून आता शेजारच्या मुलांसाठीही ती दोन्ही दारे एकाच वेळी उघडी राहता कामा नयेत. उद्याच्या फेरीत लिम्फोसाइटचा (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) आकडा अवश्य विचारा. तो २०० च्या खाली असेल, तर संसर्ग फुप्फुसात उतरण्याचा धोका वाढतो. रिबाविरिन हे विषाणूविरोधी औषध द्यायचे की नाही, हे तुमचे डॉक्टर त्यावरूनही ठरवतील. सर्दी थांबली तरी ही मुले कित्येक आठवडे विषाणू बाहेर टाकत राहतात, तेव्हा विलगीकरण लांबले तर रागावू नका.

रात्रपाळी : मी अशाच एका वॉर्डात सिस्टर आहे. पहाटे चार वाजता सलाइनचा पंप वाजू लागतो, आई दचकून उठते, हनुवटीवर घसरलेला मास्क तसाच ठेवून पदराने नाक पुसते आणि त्याच हाताने पंपाचे बटण दाबते. पाच मिनिटांनी मी तोच पंप हाताळते. दोष एकट्या आईचा नाही. रजा मिळत नाही म्हणून सर्दी अंगावर काढत कामावर येणाऱ्या सिस्टर आणि मावशीही मी पाहिल्या आहेत. आरएसव्हीला हातावरचे सॅनिटायझर पुरते. जुलाबाच्या नोरोव्हायरसला मात्र ते पुरेसे नाही, तेथे साबण आणि वाहते पाणीच हवे.

मीठभाकर : दोघांचेही आभार. आज फेरीत आकडा विचारला, तो १८० आहे. दुपारी छातीचा सीटी स्कॅन आहे. गेल्या आठवड्यात दोन दिवस माझा घसा खवखवत होता. मला खोलीबाहेर काढतील या भीतीने मी ते कोणाला सांगितले नव्हते. आज सिस्टरांना सांगितले.