पाणबुडीला आतून घाम येतोय, किती सिलिका टाकू?

ऐरोलीची_मगर
नमस्कार मंडळी. मी आणि मावसभावाने मिळून एक छोटी पाणबुडी बनवलीये, वायरने चालणारी, आत माणूस वगैरे काही नाही. ११० मिमीची ॲक्रिलिक नळी आहे साधारण ४० सेंमी लांब, दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमची झाकणं डबल ओ-रिंगवाली (पाणी अडवायच्या रबरी रिंगा), पुढे कॅमेऱ्यासाठी पारदर्शक घुमट, आत लिथियम बॅटरी, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) आणि तीन मोटर कंट्रोलर. गच्चीवरच्या निळ्या पिंपात टेस्ट केली तेव्हा एकदम मस्त चालली. मागच्या रविवारी मुरबाडला मामाच्या विहिरीत सोडली, चार-पाच मीटर खाली गेली असेल, आणि पाचव्या मिनिटाला स्क्रीनवर नुसतं धुकं. वर काढून बघतो तर घुमटाला आतून घाम फुटलेला आणि बॅटरीच्या ट्रेखाली पाणी, अर्धा चमचा तरी होतं. भाऊ म्हणतो पावसाळी हवा आहे, दमटपणा धरणारच. आई म्हणाली मिठाच्या बरणीत टाकतो तसे तांदूळ टाक, तेही टाकले, काही फरक नाही, उलट दाणे सगळीकडे घुसलेत. बुटाच्या खोक्यातल्या सिलिकाच्या चार पुड्या पण टाकून झाल्या. अजून किती टाकू?

वाशी_वायरमन
बुटाच्या पुड्या म्हणजे उष्टं जेवण रे, दुकानातच पोट भरून आलेल्या असतात त्या. सुटी नारिंगी सिलिका घे, ओली झाली की हिरवी पडते, मग ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला दोन तास ठेव की परत नारिंगी. निळी नको, तिच्यात कोबाल्ट क्लोराईड असतं, हाताळायला वाईट. आणि मेन गोष्ट, झाकण कुठे बंद करतोस? गच्चीवर करत असशील तर पावसाळाच भरून घेतोयस आत. एसीच्या खोलीत सगळं उघडं ठेव तासभर, तिथेच झाकण लाव, आणि विहिरीवर गेल्यावर कितीही हात शिवशिवला तरी उघडायचं नाही.

घोडबंदर_काका
वायरमन म्हणतोय ते बरोबरच आहे पण अरे आधी हिशोब करा की. ११० मिमी बाय ४० सेंमी म्हणजे आत पावणेचार लिटर हवा, त्यातून सामानाची जागा जाऊन अजून कमीच. आपल्याकडे ३२ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तरी एक घनमीटर हवेत पाणी असतं २८-२९ ग्रॅम. म्हणजे तुमच्या नळीतल्या अख्ख्या हवेत ०.११ ग्रॅम. दोन थेंब! सगळी हवा पिळून काढली तरी दोनच थेंब निघणार, आणि तुम्ही अर्धा चमचा म्हणताय. मग बाकीचं पाणी आलं कुठून?

तर तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. घुमटावरचा घाम हा हवेचाच, कारण तसल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसायला लागते तो, २९ च्या आसपास येतो आणि विहिरीचं पाणी त्याहून गार असतं, त्यात रास्पबेरी पाय आतली हवा तापवतो, थ्रीडी प्रिंटचे ब्रॅकेट आणि फोम असेल तर त्यांनी पिऊन ठेवलेलं पाणीही सुटतं, आणि जे सगळ्यात गार असेल तिथे जाऊन बसतं. त्याला एसीची खोली आणि दहा ग्रॅम ताजी सिलिका भरपूर झाली. ट्रेखालचं पाणी मात्र गळती आहे, तिला पोतंभर सिलिका टाकलीत तरी ती फक्त लपेल. पिंपात दिसली नाही कारण तीन फुटांत दाब असतो केवढा.

ते पाणी ठेवलंय का? टीडीएसचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा) टेस्टर असेल ना घरी, आरओवाला वापरतो तो. दवाचं पाणी जवळपास डिस्टिल्ड असतं, त्याचं रीडिंग विहिरीच्या पाण्यापेक्षा खूपच कमी येतं.

ऐरोलीची_मगर
काका, पाणी रुमालाने पुसून टाकलं 🤦 दोन थेंबांचा हिशोब भावाला वाचून दाखवला, गप्प बसलाय.

कळवा_ब्रिज
टायरवाल्याकडे नायट्रोजन मिळतो ना, तो भरा की आत, कोरडा असतो. आणि प्रश्न असा की पुढेमागे आत बसायची केली तर हाच फॉर्म्युला चालेल का? मनात आहे बरेच दिवस 😅

घोडबंदर_काका
कळवा, मगरच्या नळीत नायट्रोजन चालेल. माणूस बसणार तिथे नायट्रोजनचं नावसुद्धा काढू नकोस, दोन-चार श्वासांत शुद्ध जाते आणि गुदमरल्यासारखं वाटतही नाही. माणूस नुसता बसून राहिला तरी श्वास आणि घाम मिळून तासाला ४०-५० ग्रॅम पाणी सोडतो, वर कार्बन डायऑक्साईड शोषायला सोडा लाईम ठेवलास तर त्या रिॲक्शनमध्येही पाणी आणि उष्णता बाहेर पडते. म्हणजे दोन थेंबांचा हिशोब तिथे तासाभरात ओंजळीवर जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पाणबुड्यांना आतून कॉर्कचं अस्तर असायचं आणि एसीही बसवले होते, माणसांचा जीव सुखावावा एवढंच कारण नव्हतं, दव वायरिंगवर ठिबकून शॉर्ट व्हायचे. तू आधी बिनमाणसाची कर.

मगर, आता व्हॅक्यूम टेस्ट करा. गॅरेजवाल्याकडे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप असतो गेजवाला, तो आणा. गेजवर १० इंचापर्यंत (पाऱ्याचे इंच) खेचा आणि १५ मिनिटं बघा. एवढा व्हॅक्यूम म्हणजे साडेतीन मीटर पाण्याखालच्या दाबाएवढं झालं, विहिरीत उतरायची गरज नाही. काटा इंचभर जरी पडला तरी गळती आहे असं धरा.

वाशी_वायरमन
+१. आणि घुमटाला आतून भांडी घासायच्या लिक्विडचा हलका हात मारून कोरड्या कपड्याने पुस, बाईकच्या व्हायझरला करतो तसं. स्पिरिट किंवा थिनर चुकूनही लावू नको, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

ऐरोलीची_मगर
अपडेट. पंप मिळाला, १० वर खेचलं, पंधरा मिनिटांत काटा ६ वर! ओ-रिंगा काढून बघितल्या, केस नाही की कचरा नाही, परत ग्रीस लावून बसवल्या तरी तेच. मग एकेक केबल ग्लँड (झाकणातून वायर आत घ्यायचं आवळायचं बूड) काढून तिथे बूच लावत गेलो, दोन मोटरींनी काही झालं नाही, तिसऱ्या मोटरच्या ग्लँडला बूच लावलं आणि काटा हललाच नाही. म्हणजे ग्लँडच लूज असणार म्हणून पान्याने आवळला, तरी पडतोच! शेवटी केबलचं मोटरकडचं टोक बघितलं, तिथे जोडावर नुसती हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी प्लास्टिकची नळी) होती. पाणी तिथून केबलच्या रबरी आवरणात शिरून आतल्या तारांच्या मधून चालत थेट बॅटरीच्या ट्रेपर्यंत यायचं. ग्लँड बाहेरून कितीही आवळा, पाणी केबलच्या पोटातून येतंय!

आता ग्लँडच्या जागी पितळी नळी लावलीये, तिच्या आत आवरण सोलून तारा सुट्या केल्या, प्रत्येकीवर सोल्डरची गाठ मारली आणि सावकाश सुकणारं आरल्डाईट (इपॉक्सी गोंद) ओतलं. मोटरकडच्या जोडालाही तेच केलं. चोवीस तासांनी परत खेचलं तर काटा साडेनऊच्या खाली गेला नाही.

काल झाकण भावाच्या बेडरूममध्ये एसी लावून बंद केलं, १० ग्रॅम नारिंगी सिलिका आणि घुमटाकडे तोंड करून एक छोटा पंखा. मुरबाडला चाळीस मिनिटं पाण्यात होती, ट्रे कोरडा, घुमटाच्या खालच्या कडेला फक्त नखाएवढं धुकं आलं आणि गेलं. तांदळाचा एक दाणा मात्र अजून आतच राहिलाय, बहुतेक पंख्यात, सगळ्या व्हिडिओत टकटक येतेय.