बॉब नाइट यांचे ९०२ विजय त्यांच्या वर्तनापासून वेगळे काढता येतील का?

मध्यरेषा :
अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे माजी बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब नाइट नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले. महाविद्यालयीन संघांचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर एकूण ९०२ विजय आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना पुष्कळ जण वागणूक एका पारड्यात आणि विजय दुसऱ्या पारड्यात टाकून हिशेब मिटवतात. मला ही विभागणीच मान्य नाही. वयाच्या २४ व्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचे मुख्य प्रशिक्षकपद, पुढे इंडियानात २९ हंगाम, १९७६, १९८१ आणि १९८७ ची राष्ट्रीय विजेतेपदे, १९८४ चे ऑलिंपिक सुवर्ण, यांतले काहीही मी नाकारत नाही. परंतु १९८५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात मैदानावर खुर्ची भिरकावणारा आणि १९९७ च्या सरावात नील रीड या आपल्याच खेळाडूच्या गळ्याला हात लावणारा माणूसही तोच होता. गळा धरल्याचा आरोप नाइट यांनी फेटाळला होता. २००० मध्ये त्या सरावाची चित्रफीत दूरचित्रवाणीवर दिसली, तेव्हा कुठे विद्यापीठाने त्यांना अखेरची ताकीद दिली. विजयांनीच त्यांना ही मुभा मिळवून दिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना खेळाडू :
मी असहमत आहे. इंडियानाचा १९७६ चा संघ ३२ पैकी ३२ सामने जिंकला आणि त्यानंतर आजवर पुरुषांच्या कोणत्याही राष्ट्रीय विजेत्या महाविद्यालयीन संघाला अपराजित राहता आलेले नाही. हे कसे घडले, हे पाहायला हवे. नाइट यांच्या ‘मोशन ऑफेन्स’ या आक्रमणाच्या पद्धतीत ठरलेली चाल जवळजवळ नसते, समोरचा बचावपटू कुठे झुकतो हे पाहून पाचही जणांनी क्षणाक्षणाला स्वतःच निर्णय घ्यायचा असतो, सहकाऱ्यासाठी आडोसा धरायचा की टोपलीकडे धाव घ्यायची हे चेंडू हातात नसतानाच ठरवायचे असते. धास्तावलेल्या खेळाडूला हे जमतच नाही. मी अनेक वर्षे शाळकरी मुलांना खेळ शिकवतो. चूक होईल या भीतीने मूल चेंडू सोडायलाच तयार होत नाही, हे मी रोज पाहतो. शिवाय इतर ठिकाणी खेळाडूंना चोरून पैसे दिल्याची प्रकरणे गाजत असताना नाइट यांच्या संघावर तसा ठपका कधी आला नाही, आणि मुलांनी वर्गात बसून पदवी घ्यावी यावर त्यांचा कटाक्ष होता.

मध्यरेषा :
तुमचे विवेचन मला पटते, पण ते माझ्याच बाजूचे आहे. भीतीने हा खेळ येत नसेल, तर त्या भीतीची गरजच नव्हती. प्रशिक्षक जॉन वूडन यांनी १९६४ ते १९७५ या काळात यूसीएलए या कॅलिफोर्नियातील विद्यापीठाला १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली आणि शिवीगाळ न करता मिळवून दिली.

तिसरा पंच :
विद्यापीठाची जबाबदारी आपण दोघेही विसरत आहात. सप्टेंबर २००० मध्ये एका विद्यार्थ्याने नुसत्या आडनावाने हाक मारली म्हणून नाइट यांनी त्याचा दंड धरला आणि त्यांची नोकरी गेली. सर्वांत किरकोळ प्रसंगावर कारवाई झाली, याचा अर्थ आधीच्या गंभीर प्रसंगांच्या वेळी कुणीतरी गप्प बसले होते.

जुना खेळाडू :
तो दोष विद्यापीठाचा, हे मान्य. पण ज्यांनी ते सारे सोसले त्यांचे काय म्हणणे आहे? वेस्ट पॉइंटला नाइट यांच्या हाताखाली खेळलेल्या माइक शशेव्स्की यांनी २०११ मध्ये ९०३ वा विजय मिळवून गुरूचा विक्रम मोडला, तेव्हा ते थेट समालोचनाच्या टेबलापाशी गेले आणि तिथे समालोचन करत असलेल्या नाइट यांना त्यांनी मिठी मारली. फेब्रुवारी २०२० मध्ये नाइट जवळजवळ वीस वर्षांनी इंडियानाच्या सभागृहात आले, तेव्हाही जुने खेळाडू त्यांच्याभोवती उभे होते. ही माणसे मन मारून आली होती, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

मध्यरेषा :
त्यांच्या प्रेमावर मी शंका घेत नाही. मात्र त्या गराड्यात नील रीड नव्हते. त्यांनी १९९७ मध्येच इंडियाना सोडले होते आणि २०१२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जे निघून गेले त्यांची साक्ष अशा समारंभात कधीच नोंदवली जात नाही.

जुना खेळाडू :
रीड यांच्याबाबत माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव मी आणणार नाही. १९७६ च्या त्या संघाबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.