मदत हवी आहे : व्हॅनवरून घरदुरुस्तीची फ्रँचायझी, करारावर सही करू का?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोलीचा. सुतारकाम, प्लंबिंग, गळती, रंग अशी कामं व्हॅन घेऊन घरोघरी जाऊन करायची फ्रँचायझी मिळते आहे. डिचोली आणि सत्तरी हे दोन तालुके माझ्याकडे.

काम येतं, त्याची भीती नाही. चिंता पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर बाहेरचा रंग बंद, चिऱ्याच्या भिंती ओल धरतात. मग चवथीच्या तोंडावर सगळ्यांना घर एकदमच लखलखीत हवं असतं! करारात मात्र दरमहा ठरावीक फी, बारा महिने सारखीच. ती पावसाळ्यात कमी करून कुणी मागितली आहे का?

दुसरं, करार सोडल्यावर दोन वर्षं हेच काम करायचं नाही असं कलम आहे. करार कायदा १८७२ च्या कलम २७ नुसार धंद्याला अशी बंदी घालणारा करार रद्दबातल ठरतो, असं वाचलंय. फ्रँचायझीत प्रत्यक्षात काय होतं? हातातलं कसबच अडकलं तर खाऊ काय?

व्हॅन मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेली घेतोय, म्हणजे मालवाहतुकीचं परमिट लागणार नाही. पिवळी पाटी (धंद्याच्या गाडीची नंबरप्लेट), विमा यांचा अनुभव असेल तर तोही सांगा. सोमवारी सही करायची आहे.