शकुंतलेच्या लेआउटवर गावरस्ता किती रुंद?

(रेल्वेचं छोटं मॉडेल, म्हणजे लेआउट, बनवणाऱ्या तिघांची ही चर्चा. मोजपट्टी, पांदण आणि चाकोरी ही त्यांची टोपणनावं.)

मोजपट्टी: एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात शकुंतलेची मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज लाईन बनवताना काही जण गावरस्ता ८० मिमी ठेवतात. हे ७ मीटरच्या दुपदरी रस्त्याचं माप झालं. एकपदरी डांबर ३.७५ मीटर, म्हणजे ४३ मिमी. त्यात एक मिमीही कमी करू नये. ७६२ मिमीच्या गेजसाठी, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरासाठी, आपण ९ मिमी गेजचा रूळ वापरतो. त्याच्या बाजूला ८० मिमी डांबर पसरलं की गाडी खेळण्यातली दिसते.

पांदण: नाही पटत, भाऊ. साईडपट्ट्या धरून तोच एकपदरी रस्ता साडेसात मीटर होतो, म्हणजे ८६ मिमी. वरून नाली. लेआउटच्या ४५० मिमी खोलीच्या फळीचा पाचवा हिस्सा रस्त्यानेच खाल्ला, मग पऱ्हाटीचं वावर कुठं बसवायचं? डांबर ३५ वर आणा, मागे जाता जाता २८ करा आणि बाभळीआड वळवा. फक्त त्या मागच्या तुकड्यावर बस ठेवू नका.

मोजपट्टी: अडीच मीटर रुंदीची एसटी २९ मिमी होते. ३५ वर दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी उरतात. बघणाऱ्याला ते लगेच खटकतं. आवळायचीच तर साईडपट्टी आवळा, तीही एकीकडे ८ आणि दुसरीकडे १५ अशी. काळ्या मातीत डांबराची कड खचतेच, सरळ रेघ तिथं खोटी दिसते. आणि १:६४ ची बस आणाल तर ती ३९ मिमी भरते. मग दोष रस्त्याला देऊ नका.

चाकोरी: वळणाचं दोघंही विसरले. बसच्या पुढच्या-मागच्या चाकांत सहा मीटर, म्हणजे ६९ मिमी अंतर धरा. १५० मिमी त्रिज्येच्या वळणावर मागची चाकं साधारण १६ मिमी आत कापतात. तिथं ४३ चे ५९ करावेच लागतात, आणि ही वाढ आतल्या बाजूला द्यायची.

दुसरं म्हणजे काळ ठरवा. या लाईनवरचं वाफेचं इंजिन १९९४ ला गेलं, प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० ची. झेडडी हे वाफेचं इंजिन धावणाऱ्या गावात त्या योजनेचा फलक नको. तिथं मुरमाचा रस्ता शोभतो: गाळणीतून चाळलेला मुरूम, निम्मं पाणी घातलेलं फेव्हिकॉल, आणि ओलं असतानाच बंडीच्या दोन चाकोऱ्या १७ मिमी अंतरावर दाबायच्या. कडेला खरी काळी माती मात्र टाकू नका. ती पाण्यात फुगते, वाळली की आकसून मुरमाचा थर उचलते. रंगवलेला भुसा घ्या.

पांदण: वळणाचं मान्य. पण मुरमाच्या रस्त्याला कसली आली ठरलेली रुंदी! धुऱ्यापर्यंत जेवढी वहिवाट तेवढा रस्ता. मग माझे ३५ चुकीचे कसे?

मोजपट्टी: मोकळ्या पांदणीत चालतील. रेल्वे फाटकात नाही. तिथं दोन्ही खांबांच्या मधे मोजता येतं, बस तिथंच थांबते आणि फोटोही तिथलाच निघतो. रुळांमधली फळी रुळाच्या डोक्यापेक्षा अर्धा मिमी खाली ठेवा, नाहीतर रूळ पुसताना अडकते. उंच गाड्या तारेला लागू नयेत म्हणून फाटकाआधी असते ती उंचीची कमान लावू नका, या लाईनवर विजेची तार नव्हती.