लहान घरातला व्यायाम : साधनं कुठे ठेवता, कशी वापरता?

गोदाकाठ
डोंबिवलीत ३२० चौरस फुटांचं वन आरके. आई, आम्ही दोघं आणि आठवीतला मुलगा. आईला गुडघ्यांचे व्यायाम सांगितलेत, मला वजनं उचलायला सांगितलंय आणि मुलाला पुल-अप्सचं वेड लागलंय. लोकलचा प्रवास धरला तर जिमला वेळच उरत नाही, म्हणून घरीच जमवतोय.

दिवाण आणि टीव्हीच्या मधे सहा बाय साडेतीन फूट मोकळं आहे. सूर्यनमस्कारात पाय मागे नेला की टाच दिवाणाला लागायची. आता कर्णावर तिरका उभा राहतो, टाच सुटली. डंबेल्सचा वीस किलोचा सेट आधी दिवाणाच्या पोटात ठेवला होता. गादी उचला, फळी उचला, यातच उत्साह संपायचा. आता तो दाराशी चपलांच्या कपाटात खालच्या कप्प्यात असतो आणि रोज हातात येतो.

तुमचे अनुभव लिहा. घराचं माप जरूर द्या, त्याशिवाय दुसऱ्याला अंदाज येत नाही.

जास्वंद
पुणे, वन बीएचके, चौथा मजला. फोल्डिंग ट्रेडमिल घेतली. दुकानात मिटलेल्या मशीनचं माप घेतलं आणि तिथेच चुकले. उघडल्यावर ती पावणेसहा फूट होते, शिवाय पाय घसरला तर मागे पडायला जागा हवी. आमच्याकडे तिच्या मागे लगेच भिंत. चाकं असली तरी पन्नास किलोचं मशीन रोज सकाळी एकटीने ओढणं मला झेपेना. आठ महिन्यांनी निम्म्या किमतीत दिलं. घ्यायच्या आधी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून उघडलेल्या मशीनचा आकार मांडा, चारही बाजूंनी चालून बघा आणि आठवडाभर ते कागद तसेच ठेवून घरात वावरा. मी हे केलं असतं तर पैसे वाचले असते.

आता रेझिस्टन्स बँड वापरते. तीन बँड, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेले. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत खांद्यांचे दोन सेट होतात.

पायरवकर
दोरीउड्यांवरून खालच्या काकूंशी खटका उडाला होता. दहा मिलिमीटरची रबर मॅट आणली. डंबेल ठेवल्याचा आवाज त्याने कमी झाला, पण उडीचा दणका स्लॅबमधून खाली जायचा तो जातच राहिला. शेवटी खाली जाऊन त्यांच्या घरात बसलो आणि बायकोला वर उड्या मारायला सांगितल्या. छताचा पंखा थरथरताना पाहिला आणि मनापासून माफी मागितली. आता उड्या गच्चीवर, घरात जोर-बैठका.

माडबन
रत्नागिरी. घर लहान, पण पडवी आहे. इथला प्रश्न गंजाचा. लोखंडी डंबेल्स एका पावसाळ्यात तांबडे झाले. घामाचे हात लागले की लगेच पुसायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. आजोबांचे लाकडी मुद्गल मात्र अजून ठणठणीत. ठेवायला कोपऱ्यात वीतभर जागा पुरते, फिरवायला मात्र हात पसरून वर मुद्गलाची लांबी, एवढी मोकळीक हवी. पंख्याखाली कधीच नको.

तोक्योवासी
सहा ताटामींची (जमिनीवर अंथरलेल्या जाड जपानी चटयांची) खोली, म्हणजे साधारण शंभर चौरस फूट. एक ताटामी सुमारे सहा फूट बाय तीन फूट, योगासनांना अगदी नेमकी. पण तिच्यावर जड वजन ठेवलं की वण उठतो आणि घर सोडताना भरपाई द्यावी लागते. वजनं अजिबात आणली नाहीत.

कडीपाट
गोदाकाठ, मुलाच्या पुल-अप्सविषयी कळकळीने लिहितो. दाराच्या चौकटीत पिळून बसवायचा बार मी लावला होता. चौकट गुळगुळीत मार्बलची. चौथ्या दिवशी बार सरकला, माकडहाडावर पडलो, तीन आठवडे नीट बसता येत नव्हतं. चौकट लाकडी असेल आणि बार खाली स्क्रूच्या कपात बसत असेल तरच विचार करा. आमच्याकडे आता झोपाळ्याच्या कडीला पट्टे आणि रिंगा अडकवतो. काम झालं की पिशवीत. कडी स्लॅबच्या सळईला बांधलेली आहे की नंतर ड्रिल मारून बसवलेली, हे आधी तपासून घ्या. पाळण्याची कडी असेल तर जास्तच.

गोदाकाठ
कडीपाट, वाचल्या वाचल्या वर बघितलं. पाळण्याची कडी आहे! आईला विचारलं. इमारत उभी राहत असतानाच फ्लॅट घेतला होता, तेव्हा स्लॅब भरायच्या आधी बाबांनी समोर उभं राहून कडी सळईला बांधून घेतली होती. तरी ओळखीच्या सिव्हिल इंजिनीअरना दाखवली. वरचा रंग खरवडून त्यांनी गंज तपासला, मग तांदळाची दोन पोती रात्रभर टांगून ठेवायला लावली. काल संध्याकाळी रिंगा अडकवल्या. मुलाचे तीन झाले. आई खुर्चीत बसून गुडघ्याचा व्यायाम करत होती, पाय वर धरून ती त्याच्याबरोबर आकडे मोजत राहिली.