२०१७चा लॅपटॉप, आय५-७२००यू: विंडोज ११ झेपेल का?

सांजवात
लॅपटॉप २०१७चा. आय५-७२००यू, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबून चहा टाकते, गाळून होईपर्यंत कुठे डेस्कटॉप दिसतो. काम म्हणाल तर सोसायटीचा टॅलीतला हिशोब आणि सासऱ्यांच्या श्रीलिपीतल्या (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) जुन्या फायली. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला म्हणून ११ चालेल का ते तपासणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं, तर प्रोसेसर चालत नाही म्हणतं. एक दुकानदार म्हणतो हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (वेगवान डिस्क) टाका, मग ११ चालेल. दुसरा म्हणतो मदरबोर्डच बदलू. बजेट तुटपुंजं आहे. काय करू?

गंजका_स्क्रू
ताई, पहिल्याने खिचडी केलीये. मशीन रखडतं ते हार्ड डिस्कमुळे. ११ नाकारलं जातंय ते प्रोसेसरमुळे. एसएसडीने पहिलं दुखणं जाईल, दुसरं तसंच राहील. इंटेलमध्ये ११साठी साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर धरतात. तुमचा सातव्या पिढीतला, अगदी वेशीवर अडकलाय. शिवाय तो बोर्डावरच सोल्डर केलेला असतो, काढून दुसरा बसवता येत नाही.
मदरबोर्ड बदलायच्या भानगडीत तर पडूच नका. विंडोजचं डिजिटल लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं, तेही पुन्हा निस्तरत बसावं लागेल.

पेनड्राइव्हवाला
एवढं काय घाबरायचं? रूफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमने विंडोज ११चा पेनड्राइव्ह बनवायचा, तपासणी वगळायची, ११ बसतं. माझ्याकडे सहाव्या पिढीच्या आय५वर वर्षभर मस्त चाललंय.

गंजका_स्क्रू
बसतं, नाही कोण म्हणतंय? पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती पुन्हा हातानेच चढवावी लागते. तू खेळतोस, तुझं ठीक आहे. इथे चाळीस बिऱ्हाडांच्या मेंटेनन्सचा हिशोब आहे. ऐन ऑडिटच्या आठवड्यात अडकलं तर ताईंनी काय करायचं?

टक्स_काका
मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, फुकट ऑपरेटिंग सिस्टिम आहे. २२ची मालिका २०२९पर्यंत चालेल. पेनड्राइव्हवरून नुसतं लाइव्ह चालवून बघता येतं, डिस्कला हातही लागत नाही. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकही मिळतो.

सांजवात
काका, टॅलीचं काय? आणि श्रीलिपीला तर डोंगल लागतं, ती लायसन्सची यूएसबी किल्ली.

टक्स_काका
हं, टॅली विंडोजचंच. तुमच्या कामाला मिंट नको, माघार घेतो. मात्र श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा मराठीत, आणून ठेवा. डोंगल एक दिवस मरणारच, मग त्या फायली उघडल्या तरी नुसती गिचमिड दिसेल. लॅपटॉपपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

गंजका_स्क्रू
माझं म्हणाल तर सध्या १०वरच राहा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी दिसते का बघा. १०ची २२एच२ आवृत्ती हवी. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केलात तर पैसे पडत नाहीत, आणि १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट येत राहतात. तेवढ्यात नव्यासाठी पैसे जमवा.
खर्च करण्याआधी टास्क मॅनेजर उघडून दोन गोष्टी सांगा: लॅपटॉप रखडतो तेव्हा डिस्क किती टक्के दिसते, आणि मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत?

सांजवात
डिस्क सतत १००. स्लॉट दोनपैकी एक भरलाय. नोंदणी दिसली, केलीसुद्धा.

गंजका_स्क्रू
मग २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी पुरे. रॅमचे भाव सध्या चढलेत, ती जुन्या बाजारात ४ जीबी डीडीआर४ मिळाली तरच घ्या. आधी टॅलीचा बॅकअप दोन ठिकाणी. काढलेली हार्ड डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून ठेवा, दुकानात 'जुनी देऊन टाका' म्हणतील तरी देऊ नका. मागचं झाकण उघडलंच आहे तर बॅटरी फुगलीये का तेही बघायला सांगा. फुगली असेल तर एसएसडीच्या आधी ती बदला.

सांजवात
टचपॅड गेले दोन महिने जरा वर आल्यासारखा वाटतो. त्याचा काही संबंध?

गंजका_स्क्रू
आहे. फुगलेली बॅटरी खालून टचपॅड वर ढकलते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि उद्याच दुकानात न्या.